मालक कपाटात

"चारही पोरं हवीत. तुम्ही नको," असं म्हणून बड्या कंपनीच्या साहेबानं करार टेबलावर पसरला.

ट्रम्पेटवाल्यानं मिशीवरून हात फिरवला. ट्रम्पेटवाला म्हणायचं ते आपलं जुन्या सवयीनं. पुढचे दोन दात पडले, फुंक निसटायला लागली, ट्रम्पेट खुंटीवर गेला. दुसरा कुणी अंथरूण धरून बसला असता. यानं बायकोच्या शिवणाच्या खोलीच्या भिंतींना गाद्या ठोकल्या, एक माइक टांगला, आणि पोटच्या चार पोरांचा बँड उभा करून स्वतःच त्यांच्या रेकॉर्ड काढल्या. कंपनीचा मालक तो, मॅनेजर तो, खोकी उचलणाराही तोच.

फक्त रेकॉर्डिंगला त्याला खोलीत जागा नव्हती. पहिल्याच गाण्याला "वा, पोरी!" असं ओरडून त्यानं सात वेळा रेकॉर्डिंग नासवलं होतं. आठव्या वेळी बायकोनं त्याला दंडाला धरून तिथल्याच कपड्यांच्या कपाटात घातलं आणि कडी लावली. आत काय धुसफुसायचं ते धुसफुस! तेव्हापासून रेकॉर्डिंगचा लाल दिवा लागला, की मालक कपाटात.

साहेबाच्या कानावर हे गेलं होतं. "ज्याला कपाटात कोंडावं लागतं," तो हसला, "त्याच्यावाचून बँडचं काय अडणार?"

थोरलीनं पेन उचललं होतं. मुलगा बुटांकडे बघत म्हणाला, "बाबा, त्यांचा स्टुडिओ मोठा आहे हो."

 ट्रम्पेटवाल्याची मान ताठच. "जायचं त्यानं जावं. मी कुणाचे पाय धरणार नाही. आधी साहेबांना गाणं ऐकवा. हा बसलो खुर्चीत, हाताची घडी घालून."

पोरं गायली. सूर चोख, शब्द चोख. पण एक खिळा निसटलेल्या तसबिरीसारखं गाणं एका अंगाला कललं. साहेबाचा बूट जागचा हलला नाही.

"आणि तुमचा ड्रमवाला कुठाय?" तो वैतागला. "रेकॉर्डवर ठोका देतो तो! लोक त्याच्यावर तर नाचतात. तो नसेल तर करार कसला?"

पोरं एकमेकांकडे बघायला लागली. त्या घरात ड्रम कधी आलाच नव्हता.

धाकटी फिस्सकन हसली. थोरलीनं पेनाला टोपण लावलं.

"बाबा," ती म्हणाली, "कपाटात व्हा."

बायकोनं कडी घातली. गाणं सुरू झालं. आणि आतून कोंडलेल्या माणसानं दारावर लाथा झाडायला सुरुवात केली. रागानंच, पण जन्मभराच्या सवयीनं अगदी तालात. धप्. धप्-धप्. गाणं ताडकन उभं राहिलं. साहेबाचा बूट नाचायला लागला.

गाणं संपायच्या आत साहेबानं करारात 'वडीलही हवेत, कपाटासकट' अशी एक ओळ वाढवली आणि कागद कपाटाच्या फटीतून आत सरकवला.

कागद चार तुकडे होऊन बाहेर आला.

"कपाट आवडलं असेल तर घेऊन जा, साहेब," आतून आवाज आला. "रिकामं."