नेट तोडायची सोय

उंद्रीत मोबाइल दुरुस्तीचं दुकान चालवणाऱ्या जाकीरभाईंनी सारिकाचा जुना राउटर उलटापालटा करून पाहिला.

"कंपनीचं सॉफ्टवेअर काढून वेगळं टाकतो, वहिनी. दोन आहेत. एकानं रेंज लांब जाते. दुसऱ्यानं तुमच्या मोबाइलवरून घरातल्या कोणाचंही नेट तोडता येते."

"दुसरंच टाका."

"पोरगं लय गेम खेळते वाटते?" जाकीरभाई हसले.

सारिकाला पोरगं नव्हतंच. बोंडअळीनं सारी कपाशी खाल्ली तेव्हापासून नवरा घरामागच्या गुरांच्या कोठ्यात, फवारणीच्या औषधाशेजारी हाच राउटर लावून, आतून कडी घालून दिवसभर मोबाइल पाहत बसायचा. कितीही हाका मारल्या तरी ओ देत नव्हता.



"नेट गेलं की शिव्या देत का होईना, पण दार उघडतात ते, भाऊ."