नायलॉन आणि काथ्या

दर्शनाने निळ्या नायलॉनच्या तुकड्याला काथ्याचा तुकडा बांधला, गाठ ओढून पाहिली आणि दोन्ही आज्यांपुढे धरली. "हे माझं काम."

"यासाठी जर्मनीला नेतायत?" बांगडे साफ करता करता आवडाआजीने विचारलं.

"विहीणबाई, आधी ऐकून तर घ्या," गंगाआजी म्हणाली.

तिथल्या प्रयोगशाळेतून तीन वर्षांसाठी बोलावणं आलं होतं. दर्शनाने नाही म्हणायचं ठरवलं होतं. कामात मन लागत नाही, असं तिने घरी सांगितलं. दोघींना ते पटलं नाही. काम तरी काय आहे ते दाखव, म्हणून दोघी हटून बसल्या. याबाबतीत मात्र त्यांचं एकमत झालं.

एकमत हा या घरातला दुर्मीळ प्रकार. दर्शना लहान असताना तिचे आईवडील अपघातात गेले. नात आमची, म्हणत आईची आई आवडाबाई वेळणेश्वरहून आली. नात आमची, म्हणत वडिलांची आई गंगा मंडणगडहून आली. एक होडीवाल्या घरातली, दुसरी भातशेतीवाल्या. मुलांच्या लग्नालासुद्धा दोन्हीकडचं कुणी फिरकलं नव्हतं. आता पोरीला सोडायला कुणी तयार नाही, तेव्हा रत्नागिरीतल्या तिच्या आईवडिलांच्या भाड्याच्या दोन खोल्यांत दोघी राहिल्या. सुकट खाणाऱ्यांना ताज्या मासळीची चव काय कळणार, असं एकीचं म्हणणं. जन्म गेला तरी हिला पेज धड शिजवता येत नाही, असं दुसरीचं.

शाळेत दर्शनाच्या दोन वेण्या असत. उजवी गंगाआजी घालायची, घट्ट. डावी आवडाआजी, सैल. मुली हसायच्या. पण दर्शनाने त्या कधी सारख्या करून घेतल्या नाहीत.

"समजा, या दोघांचं एकमेकांशी पटत नाही," तिने सांगायला घेतलं. असे अब्जावधी जोड, डोळ्यांना न दिसणारे. ब्लॉक कोपॉलिमर म्हणतात त्यांना. त्यांचा पातळ थर द्यायचा आणि तापवायचा. सुरुवातीला नुसता गुंता असतो. मग ऊब मिळाली की ते हलतात, सरपटतात, एकमेकांतून वाट काढतात. नायलॉनला नायलॉनजवळ जायचं असतं, काथ्याला काथ्याजवळ. गाठ मात्र लांब जाऊ देत नाही. मग हळूहळू रांगा लागतात. एक याची, एक त्याची, पुन्हा याची. कुणी लावून देत नाही, आपसूक लागतात. घाई केली की बिघडतं. लागल्या की निवू द्यायचं.

गंगाआजीने मांडणीकडे पाहिलं. वरची फळी तिची, मधली आवडाबाईची, खालची परत तिची. पाहून झाल्यावर तिने विचारलं, "आणि गाठ तुटली तर?"

"तर दोघं दोन दिशांना."

दर्शनाच्या नकाराचं खरं कारण तेच होतं. या दोघी तिच्यासाठी एका छपराखाली होत्या. ती गेली की एक वेळणेश्वरची गाडी धरेल, दुसरी मंडणगडची, आणि या वयात दोघी एकेकट्या पडतील.

आवडाआजीचा हात विळीवर थांबला. "कधी तुटली तर गो? गुंता असताना, की रांगा लागून निवल्यावर?"

गेल्याच वर्षी दर्शनाने निवलेल्या थरातल्या गाठी त्यांच्यावर खास प्रकाश टाकून तोडल्या होत्या. खोटं सांगणं सोपं होतं. इथे तपासायला कोण येणार होतं? पण जिच्या शिक्षणासाठी दोघींनी हाडं झिजवली, तिला त्याच शिक्षणाबद्दल त्यांच्याशी खोटं बोलवेना.

"निवल्यावर तोडली तर रांगा तशाच राहतात," ती म्हणाली. "मीच तोडून पाहिलंय."

दोघी एकमेकींकडे बघून हसल्या. असं हसताना दर्शनाने त्यांना कधी पाहिलं नव्हतं. ती खाली वाकली, एक हात एकीच्या पायांवर, एक दुसरीच्या. आधी कुणाच्या पाया पडायचं हा प्रश्न या घरात कधी सुटला नव्हता. तिला लगेच वर येववेना.

"ऊठ, आणि येते म्हणून कळव त्यांना," गंगाआजी तिच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाली. "तू घरात असलीस की आम्हाला मनासारखं भांडतासुद्धा येत नाही."