अस्वलकडा

"इथेच," वाटाड्या म्हणाला. "गेल्या उन्हाळ्यात अस्वलानं त्याला इथूनच खाली ढकललं."

पर्यटकांनी भराभर कॅमेरे काढले. सगळ्यांत मागे उभी असलेली बाई मात्र कड्याखालच्या नदीकडे बघत राहिली. ती त्या तरुणाची आई होती. त्याचं प्रेत कधी सापडलंच नव्हतं.

वाटाड्यानं पुढचं रंगवून सांगितलं. अस्वल पिल्लांसोबत होतं. आपण स्वतः जिवावर उदार होऊन मुलाचा हात धरला, पण तो सुटला. ऐकणाऱ्यांच्या अंगावर काटा आला. डोंगरातलं ते आडबाजूचं लॉज आता या गोष्टीवरच चालत होतं. "ते अस्वल" बघायला लोक लांबून लांबून येत.

सकाळी नाश्त्याच्या वेळी लॉजमालकानं बाईला बाजूला घेतलं होतं.

"ताई, तुमचं दुःख कळतं मला. पण त्या अस्वलाला काही केलंत, तर तुरुंगात जाल."

"मी मारायला नाही आले," ती म्हणाली होती. "ज्यानं माझ्या पोराचे असे हाल केले, त्याचं तोंड एकदा समोरून बघायचंय. बास."

तरीही मालकानं तिच्या पिशवीकडे संशयानं पाहिलंच.

आता बाकीचे खायला-प्यायला पठारावर गेले. कड्यावर ती आणि वाटाड्या, दोघंच राहिली.

"चला काकू, ऊन चढतंय."

"शेवटच्या फोनवर फार चिडला होता तो," बाई म्हणाली. "पाहुण्यांना अस्वल दिसावं म्हणून तुम्ही झुडपांत मांस टाकता, म्हणाला. तक्रार करणार होता."

वाटाड्या हसला. "गैरसमज झाला होता त्याचा. पोरगा सोन्यासारखा, पण डोकं जरा गरम. मला तर धाकट्या भावासारखा होता."

"धाकट्या भावासारखा." तिनं मान हलवली. "पडताना काही बोलला का?"

"'आई' म्हणाला." वाटाड्यानं बाहीनं डोळे पुसले. "अजून कानात घुमतं, काकू."

तो कड्याच्या अगदी टोकाशी उभा होता. तिनं त्याच्या पाठीवर हात ठेवला. बोटं त्याच्या जाकिटात रुतली. खाली नदी घोंघावत होती. बराच वेळ तिला हात हलवता येईना. मग तिनं तो हळूच काढून घेतला.

"ते काय आहे रे?" तिनं विचारलं. "खाली, आपल्या जीप उभ्या आहेत तिथे. काहीतरी काळं हलतंय."

"अस्वल? एवढ्या खाली?" त्यानं चटकन दुर्बीण डोळ्यांना लावली.

"नीट बघ."

आधी पोलिसांची गाडी दिसली. मग तिला टेकून उभे असलेले दोन हवालदार. आणि त्यांच्या मधोमध, कुबड्यांवर भार टाकून, वर कड्याकडे बघत असलेला तिचा मुलगा.