इस्त्री केलेलं पत्र

त्या पत्राला त्याने अकरा वर्षं उत्तर दिलं नव्हतं. आता ते कोटाच्या आतल्या खिशात होतं आणि तो न्यायालयात शेवटच्या बाकावर अंग चोरून बसला होता.

पुढे त्याची वकील पुतणी संसर्गरुग्णांच्या वसाहतीतल्या एका बाईची बाजू मांडत होती. वसाहतीतून बाहेर पत्र पाठवायला कायद्याने बंदी होती. तो कायदा योग्य ठरवणारा निकाल त्याचाच, निवृत्तीच्या आदल्या वर्षीचा. ‘जनहितापुढे एकाच्या हक्काने थांबावं,’ हे वाक्य लिहून तो तेव्हा स्वतःवरच खूश झाला होता.

महिन्याभरात या बाईचं पत्र आलं. ‘साहेब, मी इथल्या धोबीखान्यात आहे. नर्सबाईंचे कपडे मीच इस्त्री करते. ते घालून त्या घरी जातात, लेकरांना कुशीत घेतात. मग मी मुलीला लिहिलेल्या कागदावर इस्त्री फिरवली, तर तो का जाऊ नये?’

न्यायाधीशाने असल्या पत्रांना उत्तर द्यायचं नसतं, असं त्याने बायकोला सांगितलं.

“सुचत नाही म्हणा की सरळ,” ती म्हणाली होती.

सरकारी वकिलाचा आवाज चढला. “एक पत्र बाहेर गेलं तरी घरंच्या घरं आजारी पडतील!”

“आजवर एखादं गेलंय?” न्यायमूर्तींनी विचारलं.

“कसं जाईल, साहेब? बंदीच आहे.”

म्हातारा उभा राहिला. त्याने खिशातलं पत्र काढून वर धरलं.

“हे गेलंय. नर्सच्या ॲप्रनच्या खिशातून, इस्त्री होऊन. अकरा वर्षं माझ्या उशाशी आहे. मी ठणठणीत आहे, बायको तर माझ्याहून.”

“काका, बसा खाली!” पुतणी पुटपुटली.

“आपण कोण?” न्यायमूर्तींनी विचारलं.

“आधीचा निकाल माझा. तो चुकला.”

पंधरा दिवसांनी बंदी रद्द झाली. न्यायमूर्तींनी निकाल वाचला: ‘जनहितासाठी हक्काला कात्री लावावी लागली, तरी लागेल तेवढीच लावावी. इस्त्रीने भागतं तिथे कुलूप नको.’ टाळ्यांत पुढचं कुणाला ऐकूच आलं नाही.

घरी येऊन कोटही न काढता तो लिहायला बसला. ‘बाई, तुमच्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं. तेवढं तरी तेव्हाच कळवायला हवं होतं. मुलीला आजच लिहा.’

पाकिटामागे त्याने स्वतःचा पत्ता ठळक अक्षरांत घातला, कारण आता तिला उलट टपाली त्याला चार शब्द सुनावता येणार होते, आणि पत्र पेटीत टाकलं.