त्रेचाळिसावा शुक्रवार

दिवा लाल झाला आणि एकार्ट अलीकडेच राहिला.

पलीकडे ओटिली ब्राँडहोर्स्ट ठिपक्यांची छत्री उंच धरून, सिग्नलच्या खांबाला पाठ टेकून उभी होती. ओटिली म्हणजे आमच्या वाइडेनरोडेची गाइड. दर शुक्रवारी पाहुण्यांना गाव दाखवायची. तिच्याबरोबर निम्मा गट पार झाला होता, उरलेले अकराजण एकार्टपाशी अडकले होते. मधला रस्ता जेमतेम आठ पावलांचा. दोन्ही टोकांना खणून ठेवलेला, कालपासून तिथून सायकलसुद्धा गेली नव्हती. पण दिवा लाल होता, आणि आमच्या गावात लाल म्हणजे लाल.

अलीकडच्या खांबावरचं, दिवा हिरवा करायचं बटण दुरुस्तीला गेलं होतं. त्या जागी चिठ्ठी डकवली होती: कृपया पलीकडचं बटण दाबावं. पलीकडे कसं जायचं ते चिठ्ठीत नव्हतं. मघाशी समोरून एक आजी आल्या, त्यांनी दाबलं, म्हणून निम्मे तरी सुटले.

"बाई, बटण दाबा हो!" ब्रेमेनहून आलेल्या एका गृहस्थांनी हाक दिली.

"दाबलंय!" ओटिली म्हणाली. "जुनं यंत्र आहे. वेळ घेतं."

एकार्ट काही पाहुणा नव्हे. जन्म इथलाच, एकोणचाळीस वर्षं याच गल्ल्यांतून टपाल वाटलेलं. तरी निवृत्त झाल्यापासून गडी दर शुक्रवारी तिकीट काढून स्वतःचंच गाव बघत होता. आजचा त्रेचाळिसावा शुक्रवार. कुणी विचारलंच तर म्हणायचा, "माझा इतिहास कच्चा आहे." चेटकिणीचा बुरूज कोणत्या साली जळला हे त्याने झोपेतसुद्धा सांगितलं असतं. तो खरा कशासाठी येतो ते बेकरीवालीला ठाऊक होतं, पाद्रीबाबांना ठाऊक होतं, मलाही ठाऊक होतं. फक्त ओटिलीसमोर तोंड उघडायची त्याची छाती होत नव्हती.

आणि आज तिची शेवटची फेरी होती. पलीकडच्या चौकातल्या घड्याळात बारा वाजलेले पाहुण्यांना दाखवले, की साडेबाराच्या गाडीने ती कीलला बहिणीकडे निघणार होती. कायमची. सामान स्टेशनवर पोचलंही होतं. एकार्टने ठरवलं होतं, बाराच्या ठोक्याला, घड्याळाखाली, विचारायचंच. सदऱ्याला इस्त्री केली होती. वाक्य पाठ केलं होतं.

बाराला पाच कमी होते. दिवा लालच.

तेवढ्यात त्याच्या शेजारी बालवाडीची रांग येऊन थांबली. पिवळी जाकिटं घातलेली, एकमेकांचे हात धरलेली चौदा पोरं आणि पुढे झिग्रिडबाई. झालं! नुसता लाल दिवा एक वेळ माणूस नजरेआड करेल. लाल दिवा आणि टकामका बघणारी पोरं म्हटल्यावर विषयच संपला.

"दिवा लाल असला की आपण काय करतो?" झिग्रिडबाईंनी विचारलं.

"थांबतो!" पोरं ओरडली. एकार्टही सवयीने पुटपुटला.

"बाई, दाबलंय ना नक्की?" ब्रेमेनचे गृहस्थ काकुळतीला आले.

"दाबलंय म्हटलं ना!"

बारा वाजले. घड्याळाचं दार उघडलं आणि लाकडी बेकर आपल्या बदकामागे धावत बाहेर आला. रोज धावतो, आणि रोज ते बदक हातभर पुढे राहून दुसऱ्या दारात शिरतं. पलीकडच्यांनी फोटो काढले. अलीकडून लिंडनच्या झाडाआड नुसतं बदकच दिसत होतं. एकार्टने ते जाताना पाहिलं.

मग त्याने फुटपाथवरून पाय खाली टाकला.

"लाल आहे! लाल आहे!" चौदा पोरं किंचाळली. ब्रेमेनच्या गृहस्थांनी टोपी डोळ्यांवर ओढली. टपालाची थैली अजून लटकत असावी तसा एक खांदा पाडून एकार्ट चालत राहिला. आयुष्यात एवढी लांब आठ पावलं तो चालला नव्हता.

"ओटिली," तो म्हणाला. पाठ केलेलं वाक्य पार उडून गेलं होतं. "बुरूज सोळाशे… नाही, ते जाऊ द्या. कीलला जाऊ नका. माझ्याशी लग्न करा."

पलीकडच्या पाहुण्यांनी कॅमेरे घड्याळावरून इकडे वळवले.

"अहो एकार्ट, काही लाजबीज?" अलीकडून झिग्रिडबाई कडाडल्या. "पोरांदेखत! आता मी यांना काय डोंबल शिकवू?"

एकार्ट दिव्यापेक्षा लाल झाला. ओटिलीने त्याच्याकडे पाहिलं, पोरांकडे पाहिलं आणि घसा साफ केला.

"झिग्रिडबाईंचं बरोबर आहे," ती म्हणाली. "आधी परत जा. हिरवा लागला की नीट ओलांडून या. मग मी हो म्हणते."

एकार्ट परत गेला. तोही लाल दिव्यातच गेला, त्यामुळे पोरं पुन्हा किंचाळली. अलीकडे पोचून त्याने सदरा नीट केला, आणि पोरांच्या रांगेत शेवटी उभा राहिला. एका चिमुरडीने त्याचा हात धरला.

"आता हे यंत्र केव्हा मनावर घेतंय, देव जाणे," ब्रेमेनचे गृहस्थ म्हणाले. "वीस मिनिटं झाली!"

"आता घेईल," ओटिली म्हणाली. तिने छत्री मिटली, खांबाला टेकलेली पाठ काढून ती वळली, आणि तिने मघापासून पहिल्यांदाच बटण दाबलं.