आंब्यातला खिळा

करवत खर्रकन वाजली आणि जागच्या जागी अडली.

खाली उभा राहून करवत ओढणाऱ्या लहूनं आधी डोळ्यांतला भुसा पुसला. वर ओंडक्यावर उभा असलेला त्याचा जोडीदार धोंडू ओणवा होऊन फटीत बघत होता.

"लोखंड हाय," धोंडू म्हणाला.

आता लालबागच्या त्या वखारीत लाकडात लोखंड निघणं काही नवं नव्हतं. गावाकडे कुणी गुरं बांधायला झाडाला खिळा ठोकतो नि विसरून जातो, आणि इथं मुंबईत करवतीवाल्याला शिव्या खाव्या लागतात. दिवाणजी अप्पा छपरीतून तरातरा आलेच. "दात गेले ना? मेल्यांनो, करवत काय सासऱ्यानं दिलीय?" मनसोक्त ओरडून झालं, तसे ते फाटकातल्या बैलगाडीवरचा माल उतरवून घ्यायला निघून गेले.

धोंडूनं छिन्नीनं लाकूड फोडून खिळा उपसला. चांगला वीतभर लांब, गलबताला मारतात तसला. डोक्याखाली कुजका लाल दोरा गुंडाळलेला आणि दोऱ्यात हिरव्या बांगडीचा तुकडा. बघताक्षणी धोंडूनं तो हातातून टाकून दिला. हे गुरं बांधायचं काम नव्हतं. हे भुतं बांधणाऱ्या भगताचं काम होतं.

"लहू, ह्यो आंबा कुठला रं?"

"बाणकोटचा. परवाच्या गलबतातनं आला," लहू म्हणाला आणि मग त्याच्या तोंडचं पाणीच पळालं.

लहूचं गाव बाणकोटच्या खाडीवर. मुंबईत दंगा झाला त्या साली त्याची पहिली बायको तुळसा तिथं बाळंतपणात गेली, पोटातल्या पोरासकट. लहू तेव्हा इथंच करवत ओढत होता. बाळंतीण मेली की तिची अळवंतीण होते, हे कोकणातलं शेंबडं पोरही सांगेल. म्हणून भावानं भगत आणला आणि खाडीकाठच्या एका आंब्यात खिळा मारून तिला जखडून टाकलं. महिन्यानं लहूला हे कळलं, तेव्हा तो म्हणाला होता, "बरं केलंस." दुसरं काय म्हणणार बिचारा!

"आंबे काय एकच असतात खाडीला?" लहूनं आता विचारलं.

"नसतात. पर ह्योच असला तर?" धोंडू खाली उतरला. "अरं, तुज्या घरात शेवंतीचे दिवस भरलेत. अळवंतीण सुटली की पयला हात सवतीच्या पोराला घालते. दिवस मावळायच्या आत दुसऱ्या लाकडात ठोक त्यो खिळा. आनि तूच ठोक. नवऱ्याचा हात ती वळखते."

कोपऱ्यात खैराचा एक वेडावाकडा बुंधा कधीपासून पडून होता, गिऱ्हाईक त्याच्याकडे ढुंकूनही बघत नसे. धोंडूनं तो आडवा केला आणि लहूच्या हातात हातोडा दिला.

लहूनं खिळा बुंध्यावर टेकवला. भीती वाटायला हवी होती, आणि शेवंतीच्या नावानं वाटतही होती. पण त्या भीतीतच मेलं काहीतरी भलतंच मिसळलं होतं. तुळसाला दार लावलेलं कधी खपायचं नाही. भर पावसाळ्यातही दार किलकिलं ठेवून झोपायची, म्हणायची, माझा जीव घुसमटतो. तिला यांनी झाडात कोंडली. आणि आज ती सुटली असेल, या विचारानं लहूला चक्क बरं वाटत होतं. बरं वाटलं म्हणून तो आणखीच घाबरला. हे काय चाललंय आपलं? घरची बाई जड पावलांची, आणि आपण अळवंतीण सुटली म्हणून खूश? धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, अशी गत झाली त्याची. त्यानं हातोडा उचलला, खाली घेतला, पुन्हा उचलला.

"ठोक की रं!" धोंडू कावला. "कसली वाट बघतोस? ती काय आता तुला बोलवायला येनार हाय?"

"मारतो. मारतो म्हटलं ना."

"काय चाललंय?"

दोघंही दचकले. फळ्यांच्या ढिगाशी शेवंती उभी होती. चाळीतून भाकरी घेऊन आलेली, एक हात कमरेवर, श्वास फुललेला. तिनं ऐकलं किती, कोण जाणे. पण तिची नजर हिरव्या काचेवर खिळली होती.

धोंडूनंच सगळं सांगितलं, आंबा, बाणकोट, तुळसा, सगळं. वर म्हणाला, "घाबरू नको पोरी. तुज्याच भल्यासाठी करतोय आमी."

शेवंती घाबरली होतीच. तिचे ओठ पांढरे पडले, हात पोटावर गेला. भाकरीचं फडकं तिनं फळ्यांवर ठेवलं आणि ती हळूहळू, एका हातानं आधार घेत, त्या खैराच्या बुंध्यावर येऊन बसली. लहूला हातोडा मारायला जागाच उरली नाही.

"कशानं मेली होती ती?" तिनं लहूला विचारलं.

"बाळंतपनात."

"कुनाचं मूल होतं?"

"माजंच की."

मग नवऱ्याकडे बघून तिनं हळूच विचारलं, "आनि बाळंतपनात मी बी गेली, तर मला कुठल्या झाडात ठोकनार तुमी?"