एकशे सत्तेचाळीस नंबरचं दार

पुलाखाली चादरी वाटताना निवृत्त सर्वेअर खानविलकर थबकले. एका बाईने आडोशाला पत्र्याचं जुनं दार उभं केलं होतं. त्यावर लाल रंगात लिहिलं होतं, '१४७ कुलूप'. अक्षर त्यांचंच होतं.

झोपडपट्टी पाडण्याआधी ते मोजणीला गेले, तेव्हा या बंद दारापाशी शेजारीण म्हणाली होती, "ती कामाला गेलीय, तासाभरात येईल." मोजणीत बंद आढळलेल्या घराला नवी खोली मिळत नाही हे ठाऊक असूनही, डबा खायची वेळ झाली म्हणून ते थांबले नव्हते.

"काका, दाराला हात नका लावू, रंग निघेल," बाई चादर घेत म्हणाली.

"इतकं जपता?"

"साहेबांनी स्वतः नंबर घातलाय. परत येतील तेव्हा दाखवायला नको?"

खानविलकरांनी तिच्या हातात आणखी एक चादर ठेवली.